आधी चालून दाखवा

"बसू नका. आधी चालून दाखवा."

डॉक्टरांच्या दवाखान्यात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागायचं. वैजापूरचा कांद्याचा आडत्या असो की आमच्याच गल्लीतला पुढारी, समोर खुर्ची दिसत असूनही बसायची सोय नव्हती. दारापासून टेबलापर्यंत एक लांब पॅसेज होता. त्यात ना बाक, ना कुंडी, ना भिंतीवर कॅलेंडर. पेशंटनं त्या टोकापर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. डॉक्टर हाताची घडी घालून उभे. माणूस परत येईपर्यंत त्यांचं निम्मं काम उरकलेलं असे. मग ते म्हणायचे, "पाहिलंत का?" शेजारी कुणी असलं तर त्याला, नसलं तर भिंतीला.

ते मेंदूचे आणि नसांचे डॉक्टर. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना आणि खाली, जिन्याला लागून, माझं मेडिकल. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. वीस वर्षं मी त्यांचा 'मेडिकलवाले'च राहिलो आणि ते माझे 'सर'.

वर डॉक्टर आणि खाली मेडिकल म्हणजे माझी पाचही बोटं तुपात, असं माझ्या मेहुण्यांना वाटे. त्यांना काय ठाऊक! सरांचे निम्मे पेशंट जिना उतरून माझ्या दुकानाकडे न बघता निघून जात, कारण त्यांना औषधच दिलेलं नसे. गुलमंडीवरचे एक कापडाचे व्यापारी एकदा तिघांच्या आधारानं वर गेले. कूस बदलली की घर गरगर फिरायचं त्यांचं. मेंदूत गाठ झाली असं धरून चालले होते, मुलाला दुकानाच्या किल्ल्याही देऊन झाल्या होत्या. सरांनी त्यांना पलंगावर बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि झटक्यात मागं आडवं केलं. डोळ्यांची बुबुळं कशी उडतात ते पाहिलं. कानातले बारीक खडे जागचे हलले होते. मग मान अशी, मग तशी, मग कुशीवर, मग उठा. झालं. शेठजी एकटे जिना उतरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "गोळी काहीच नाही दिली हो. बरा तर होईन ना?"

"झालात तुम्ही बरे," मी म्हणालो. माझा आवाज थोडा कोरडा आला असेल.

दुकान आणि दवाखाना यांच्यात एक इंटरकॉम होता. तो औषध आहे की नाही हे विचारायला बसवला होता, पण सर तो भलत्याच कामाला वापरत.

"मेडिकलवाले, आत्ता वर आले ते काका जिना कसा चढले?"

"पायांनी, सर."

"कठडा धरला?"

"धरला."

"कोणत्या हातानं? एक पाय उचलून दुसरा त्याच पायरीवर आणत होते की पायरीला एकच पाय?"

आता गिऱ्हाईक सोडून मी जिना बघत बसू का? पण उत्तर देता आलं नाही की ते म्हणायचे, "पाहत चला हो. सगळे तुमच्या समोरून जातात." मी चिडायचो. मग हळूहळू पाहायला लागलो. कोण पाय फरफटवतो, कोण पाय आपटत चालतो, कुणाचा हात छातीशी मुडपलेला राहतो. तुम्हीही एकदा हे बघायला लागलात ना, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा सुटका नाही.

सोयगावकडची एक म्हातारी मला चांगली आठवते. पायात मुंग्या, पाय बधिर. कुणी म्हणे मणका सरकला, कुणी म्हणे नस दबली. मुलानं एक्स-रे, एमआरआयच्या फोटोंची एवढी मोठी पिशवी आणली होती. सरांनी पिशवी बाजूला ठेवली, म्हातारीला चालवलं आणि विचारलं, "आजी, चालताना चप्पल पायातून निसटते का?"

"निसटती की."

"निसटली की कळतं?"

"नाय कळत. मागून पोरं वरडत्यात, आजे, चप्पल मागंच ऱ्हायली! तवा कळतं."

"आणि तोंड धुताना? डोळ्यांवर पाणी मारताना तोल जातो?"

म्हातारी मुलाकडे वळली. "बग, ह्यांला कसं कळलं? लई येळा भिताडावर गेले मी, बाबा."

ही हकिगत सर संध्याकाळी माझ्या दुकानात चहा पिताना सांगत होते. चप्पल निसटते आणि कळतं, पण धरून ठेवता येत नाही, तर पायात ताकद कमी. निसटते आणि कळतच नाही, तर जाणीव गेली. डोळे मिटले की तोल जातो, म्हणजे पाय कुठं आहेत ते पाय सांगत नाहीत, डोळे सांगतात. मग त्यांनी नादकाटा वाजवून तिच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. घुमतंय का? नाय. घोट्यावर? नाय. गुडघ्यावर? "हां, हितं घुमतंय." म्हातारी जन्माची शाकाहारी, त्यात दूध आवडत नाही. रक्त तपासलं, बी-ट्वेल्व तळाला गेलेलं. सुया सुरू झाल्या. चार महिन्यांनी ती आली तेव्हा चपला दोन्ही पायांत होत्या.

"मशीनच्या मी विरुद्ध नाही," सर म्हणायचे. "पण मशीनला आधी प्रश्न विचारावा लागतो. प्रश्नच चुकला तर ते बिचारं काय करील?"

एकदा मी सहज विचारलं, "सर, रिटायर कधी होणार?" त्यांनी बशीतला चहा संपवला, दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "माझं सगळं दुकान ह्या दोन हातांत आहे. ज्या दिवशी हे मला खोटं सांगतील त्या दिवशी." तेव्हा ते वाक्य मी सोडून दिलं. माणूस चहा पिताना खूप काही बोलतो.

वैजापूर तालुक्यातल्या शाळेतून निवृत्त झालेले एक हेडमास्तर त्यांच्याकडे आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. उजवा खांदा धरला होता. फ्रोझन शोल्डर म्हणून वर्षभर शेक, तेल, मालिश, सुया, सगळं करून झालं होतं. सरांनी त्यांना पॅसेजमध्ये चालवलं. डावा हात झुलत होता, उजवा नाही. मग कागद दिला आणि एकच वाक्य पाच वेळा लिहायला सांगितलं. हेडमास्तरांचं अक्षर शाळेत फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्याचं. पहिली ओळ तशी आली. पाचवीपर्यंत अक्षरांच्या मुंग्या झाल्या.

हा कंपवात होता. हेडमास्तर म्हणाले, "पण हात तर थरथरत नाही." सर म्हणाले, "थरथर नंतर येईल, किंवा येणारही नाही. आधी हात मंद होतो. हात झुलत नाही म्हणून खांदा आखडतो, आणि लोक खांदा चोळत बसतात."

त्या संध्याकाळी सर चांगलेच तापले होते. "वर्षभर! वर्षभर खांदा चोळला, आणि माणसाला चार पावलं चालून दाखवा म्हणाले नाहीत. ह्याला काय खर्च येतो?" असे ते क्वचितच चिडत. हेडमास्तरांना गोळ्यांनी पुष्कळ बरं वाटलं. दर तीन महिन्यांनी ते यायचे, आणि पहिल्या दिवशीची चिठ्ठी त्यांनी लॅमिनेट करून ठेवली होती.

त्या चिठ्ठीबद्दल सांगायला हवं. डॉक्टरांच्या अक्षरावर जेवढे विनोद होतात तेवढे आमच्या सरांना लागू नव्हते. मोठं, वाटोळं, पाटीवर गिरवल्यासारखं अक्षर. औषधाचं नाव इंग्रजीत, पण खाली मराठीत लिहायचे, 'सकाळी, चहा घेतल्यावर, एक.' मी एकदा म्हणालो, सर, हे मी सांगतोच की तोंडी. तर म्हणाले, "चिठ्ठी पेशंटची असते, मेडिकलवाल्याची नाही."

मग शहराचं नाव बदललं. सरांनी नवी लेटरहेडं छापली. त्यानंतर काही महिन्यांतच मला त्यांच्या चिठ्ठ्या वाचायला त्रास होऊ लागला. अक्षर बारीक. मी मनाशी म्हणालो, शहराचं नाव लांबलंय, वरचा मजकूर वाढलाय, खाली जागा उरत नसेल. हसू नका. समोर रोज एक गोष्ट दिसत असली की माणूस तिला काहीतरी साधं कारण शोधून देतो आणि पुढच्या कामाला लागतो.

जागेचं कारण पुरेना तेव्हा मी दोष माझ्या डोळ्यांना दिला. गुलमंडीवरच्या माझ्या जुन्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्यानं दोनदा तपासलं आणि म्हणाला, "चचा, नंबर तो वहीच है. नजर को कुछ नै हुआ."

"अरे, चिठ्ठी वाचता येत नाही मला."

"तो जो लिखरा उसकूच दिखाओ ना किसी कू."

तो हसला, मीही हसलो, आणि हट्टानं नवा चष्मा करून घेतला. मोठ्या काचांचा. बायको म्हणाली, घुबडासारखे दिसता.

त्याच सुमारास सर एका संध्याकाळी काउंटरशी आले आणि दुखण्यावर लावायचं मलम मागितलं. "खांदा धरलाय. ह्या वयात होतंच." मी मलम दिलं. पंधरा दिवसांनी दुसरं दिलं. त्यानंतर शेकायची पिशवी दिली. कोणता खांदा, हे मी विचारलंसुद्धा नाही. कठडा कोणत्या हातानं धरला हे वीस वर्षं सांगणारा मी!

मग हेडमास्तर त्यांच्या ठरलेल्या फेरीला आले. वरून नवी चिठ्ठी घेऊन उतरले, ती काउंटरवर ठेवली, पिशवीतून लॅमिनेट केलेली जुनी काढून तिच्या शेजारी ठेवली आणि उभे राहिले. एरवी ते बसायला स्टूल मागतात.

"मेडिकलवाले," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी तीस वर्षं पोरांची अक्षरं तपासली. आणि हा आजार माझ्या अंगात आहे. हे बघा."

मी पाहिलं. तेच औषध, तीच सूचना, तेच वळण. एकात अक्षरं ओळीवर ऐसपैस बसलेली, दुसरीत कोपऱ्यात अंग चोरून. आणि ओळीच्या शेवटी तर 'एक' की 'दोन' हेही कळत नव्हतं. माझ्या नव्या चष्म्यातूनही नाही.

"मी पेशंट. मी कसं बोलू?" हेडमास्तर म्हणाले. "तुमचा त्यांच्याशी रोजचा संबंध आहे. तुम्ही बोला."

आठ दिवस मी बोललो नाही. मी डी.फार्म. झालेला माणूस, मेंदूच्या डॉक्टरला त्याचा आजार सांगणार? आणि चुकलो तर? खरं सांगायचं तर बरोबर निघालो तर काय, ह्याची भीती जास्त होती. 'हे हात खोटं सांगतील त्या दिवशी', हे वाक्य आता मला दिवसभर ऐकू येत होतं. मी बोललो की त्यांचं काम थांबणार, आणि नाही बोललो तर एखाद्या पेशंटच्या पोटात एकाऐवजी दोन गोळ्या जाणार. माझ्या दुकानाचाही विचार मनात आला. खोटं कशाला बोलू? आला, आणि त्याची लाजही वाटली. त्या आठ दिवसांत प्रत्येक चिठ्ठी मी इंटरकॉमवर वाचून खात्री करून घेतली. सर वैतागले. "वीस वर्षं वाचताय, आताच काय झालं?"

नवव्या दिवशी दुपारी दोनला, पेशंट नसताना, वर गेलो. सर डबा खात होते. पोळीचा तुकडा मोडायला त्यांना किती वेळ लागतो ते मी दारातूनच पाहिलं.

"काय हो? बसा."

"बसत नाही, सर," मी म्हणालो. पुढचं वाक्य मी घरी पाठ केलं होतं, पण ते आलं नाही. जे वाक्य ह्या खोलीत वीस वर्षं ऐकलं तेच आलं. "सर, जरा चालून दाखवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा अवघड पेशंट दारात आला की बघायचे तसं. मग हात धुतले, पुसले आणि उठले. एका दमात नाही, खुर्चीच्या हातांवर भार देऊन. पॅसेजच्या टोकापर्यंत गेले. वळायला त्यांना पाच-सहा बारीक पावलं लागली. परत आले. मी भिंतीला टेकून उभा होतो.

"कोणता?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

"झुलतच नाही?"

"नाही, सर."

"केव्हापासून?"

"मी चष्मा बदलला तेव्हापासून. वर्ष होत आलं."

ते खुर्चीत बसले आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. "हे मनगट धरा. दुसऱ्या हातानं कोपर. आता मनगट हळूहळू फिरवा." मी फिरवायला लागलो. उजव्यातला ताठरपणा नीट लागावा म्हणून त्यांनी डावी मूठ उघड-मीट, उघड-मीट करायला सुरुवात केली. "आता काय लागतंय?"

मला थांबावंसं वाटलं. "दाते लागताहेत, सर. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला चावी देताना लागतात तसे."

"बरोबर," ते म्हणाले. "पाहिलंत का?"

ह्या वेळी ते भिंतीला म्हणाले नाहीत. मला तेव्हा रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि त्यांनीही न दिसल्यासारखं केलं नाही. पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

"खांदा चोळत बसलो," ते म्हणाले. "वर्षभर. ज्या गोष्टीवरून मी जगाला नावं ठेवली." मग नवा केसपेपर ओढला, त्यावर स्वतःचं नाव आणि वय घातलं, आणि 'तपासणारे' ह्या शब्दापुढं लिहिलं, 'मेडिकलवाले'. ते अक्षर मला तिथूनही वाचता येत नव्हतं. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

पुण्याला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना तपासलं आणि गोळ्या सुरू केल्या. हात मोकळा झाला, अक्षरही थोडं उघडलं. मी म्हणालो, आता चालू ठेवायला काय हरकत आहे? त्यांनी मान हलवली. "दुसऱ्याच्या मनगटातले दाते ओळखायचे तर आपल्या मनगटात दाते नकोत. माझा कोणता आणि त्याचा कोणता, हे मला कसं कळणार?" महिनाभर त्यांनी जुन्या पेशंटना बोलावून एकेकाला दुसऱ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. शेवटी नादकाटा रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला आणि मुलीकडे पुण्याला गेले. जिना उतरताना कठडा डाव्या हातानं धरला होता. मी पाहिलं.

वर आता दातांचे डॉक्टर आहेत. माणूस चांगला आहे, औषधंही भरपूर लिहितो. पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकल्यात, एक मोठी कुंडी आणि टीव्ही. आलेला माणूस लगेच बसतो.

सर मागच्या वर्षी गेले. ताप छातीत उतरला, चार दिवसांचं दुखणं. मुलीचा फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला गोळ्या मोजून देत होतो. त्या मला पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.

त्याच्या दोन महिने आधी त्यांचं पत्र आलं होतं. दुरेघी वहीचं पान. ओळी आखलेल्या असल्या की अक्षर मोठं राहतं, हे ते हेडमास्तरांना सांगायचे, तेच स्वतः करत होते. सुरुवात दोन्ही रेघांना टेकणारी, जुन्या चिठ्ठीसारखी. हेडमास्तर कसे आहेत? सोयगावची आजी येते का? मग अक्षर रेघ सोडून उतरत गेलं. शेवटची ओळ तर काळ्या दोऱ्यासारखी दिसत होती. दुकानात ती लागेना. मी पत्र घेऊन बाहेर जिन्याच्या पहिल्या पायरीवर उन्हात बसलो आणि एकेक अक्षर सोडवत गेलो.

लिहिलं होतं, 'वाचता आलं नाही तर चष्मा बदलू नका.'